इरण्णा मोठ्या गटात

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण तिला कधी सांगितलं नाही. आणि तुम्हाला सांगतोय—का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. ओळखीच्या माणसाला सांगायला धीर लागतो, आणि तो माझ्याकडे तेव्हाही नव्हता.

गोष्ट फुटबॉलची आहे. हसू नका. आणीबाणीच्या आदल्या वर्षी सोलापुरात आमच्या पेठेतल्या पोरांची एक टीम होती आणि मी तिचा कॅप्टन. चौदा वर्षांचा, नुकताच आवाज फुटलेला, अंगात भलतीच मिजास. गिरणीमागच्या मैदानावर उन्हाळ्यात सामने व्हायचे. त्या वर्षी लहान गटात तीनच टीम आल्या, म्हणून तो गटच रद्द झाला. खेळायचं तर सतरा वर्षांखालच्या गटात खेळा, म्हणाले. अट एकच—प्रत्येक पोराला तेरा पूर्ण असली पाहिजेत. मिशा फुटलेल्या पोरांच्या पायात लहान पोर सापडलं तर जबाबदारी कोण घेणार? अट रास्त होती. आज मला ती फारच रास्त वाटते.

पण आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू इरण्णा, आणि तो अकरा वर्षांचा.

आता इथे मी थोडा थांबतो. म्हणजे थांबावंसं वाटतं. इरण्णाला एक मोठा भाऊ होता, मल्लिनाथ. मल्लू. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तीन वर्षांपूर्वी तापानं गेला—तोही अकरा वर्षांचाच होता. जगला असता तर चौदाचा असता. हा हिशेब मी एका दुपारी केला आणि मला तो फार हुशारीचा वाटला. मल्लूचा जन्माचा दाखला त्याच्या आईच्या ट्रंकेत होता. इरण्णाला म्हटलं, घेऊन ये. त्यानं आणला. माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही तो.

फॉर्मवर मल्लिनाथचं नाव मीच लिहिलं. पण नाव लिहून भागत नाही ना? सामन्याआधी रेफरी एकेकाचं नाव पुकारायचा. मैदानात कुणी ‘इरण्णा’ म्हणून हाक मारली आणि हा वळला, की संपलं. म्हणून पंधरा दिवस मी त्याची तालीम घेतली. सगळ्यांनी मल्लूच म्हणायचं. मी मधूनच पाठीमागून हाक मारायचो—इरण्णा! तो वळला की मैदानाला पाच फेऱ्या, भर उन्हात. पहिल्या दिवशी तो तीस फेऱ्या पळाला. पाचव्या दिवशी फक्त मान हलली. दहाव्या दिवशी मी अगदी कानाशी जाऊन ओरडलो, तर त्याची पापणीसुद्धा लवली नाही. मला कौतुक वाटलं. बरोबरची पोरं मात्र गप्प झाली, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात एक गंमत झाली—गंमत कसली. मल्लू डावरा होता, इरण्णा उजव्या पायाचा. त्या दिवशी इरण्णानं डाव्या पायानं गोल मारला, कोपऱ्यातून, अगदी मल्लू मारायचा तसा. मी पळत जाऊन मिठी मारली, विचारलं, कधी शिकलास रे? तो म्हणाला, “मल्लूनं मारला की.” खेळातलं नाव पुढे चालवतोय, असं मी समजलो. तसंच असेल. नसेल तर काय होतं, ते मला माहीत नाही, आणि त्या वयात शोधायचीही इच्छा नव्हती. पण मिठी मात्र मी लगेच सोडली.

आणि बघणारी शंभर-दीडशे माणसं ओरडत होती—मल्लू, मल्लू.

ते कुणीतरी जाऊन त्याच्या आईला सांगितलं. सामना संपला आणि काकू मैदानातून चालत आल्या, अनवाणी. मल्लू गेल्यापासून त्या धड जेवत नव्हत्या. मनगटं कशी काटकीसारखी झालेली. पण माझा हात धरला तो सुटेना.

“सुबास, आमच्या मल्लूचं नाव कोन घेतंय हितं?”

रेफरी दहा पावलांवर उभा होता. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? टीम बाद, दोन थपडा, वर्षभर पेठेत हसं. एवढंच. तेवढ्यासाठी मी म्हणालो, “काकू, मी न्हाय. इरण्णाच म्हनतोय, मला मल्लू म्हना. इरण्णा म्हटलं तर वळतच न्हाय.”

शेवटचं वाक्य खरं होतं. त्या खऱ्या वाक्यानंच तर घात केला.

काकू वळल्या. इरण्णा वीसेक पावलांवर पाठमोरा बसून बुटाची नाडी सोडत होता. त्यांनी हाक मारली, “इरण्णा, बारो.” घरात त्या पोरांना असंच कानडीत ‘ये रे’ म्हणायच्या. तो वळला नाही. पुन्हा मारली. नाही. मैदानात अजून धूळ तरंगत होती. मग काकू अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “मल्लू.”

तो वळला.

त्या संध्याकाळी काकू पोटभर जेवल्या. दोन दिवसांनी इरण्णानंच मला सांगितलं. “आप्पा म्हनले, असू दे, ती जेवाया लागली हाय.” आप्पा म्हणजे त्याचे वडील, बाजारात ज्वारी विकायचे, अबोल माणूस. मग इरण्णानं विचारलं, “आता मी परत कवा व्हायचं?”

मी म्हणालो, फायनल होऊ दे.

फायनल कसली! सेमीफायनलला सहा-शून्यानं हरलो. त्यानंतर मी त्याच्या घरावरून जाणं सोडलं. लांबच्या रस्त्यानं शाळेत जायचो. तो वाट बघत असेल, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं—काकू, मी खोटं बोललो. ते वाक्य पाठ होतं माझं.

पुढे त्याच दाखल्यावर त्याचं नाव हायस्कुलात घातलं. लग्नपत्रिकेवर मल्लिनाथ. अकलूजला साखर कारखान्यात नोकरी केली आणि कागदावरच्या वयानं तीन वर्षं आधीच निवृत्त झाला. मला कधी एक शब्द बोलला नाही. काकू गेल्या तेव्हा मी खांदा द्यायला होतो. तेव्हाही बोललो नाही.

पण मला छळतो तो दिवस त्या सामन्यांच्या पुढच्या वर्षीचा आहे. मल्लूच्या वर्षाच्या जेवणाला आप्पांनी बोलावलं म्हणून गेलो. जंगम स्वामी जेवून गेले होते. भिंतीशी एक ताट वाढून ठेवलं होतं, त्यापुढे समई. काकूंनी त्या ताटावर पाणी फिरवलं आणि नाव घेतलं—इरण्णाचं. त्यांच्या हिशेबानं धाकटा गेला होता. थोरला परत आला होता.

इरण्णा माझ्या शेजारी पाटावर बसला होता. काकूंनी माझ्या ताटात हुग्गी, गव्हाची खीर, वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, “आमचा इरण्णा तुमच्यात कदी खेळला का रे, सुबास?”

शेजारचा हात ताटात थांबला. तो माझ्याकडे बघत होता, हे मला न बघता कळलं.

“न्हाय काकू,” मी म्हणालो. “तो लई ल्हान होता.”

आणि मी जेवायला लागलो.