महालक्ष्म्यांना दाखवलेली खोली

माझे सासरे दत्तराव वालूरला शिलाईकाम करतात. मी त्यांना मामा म्हणते. अर्ध्या गावाचे शर्ट-पायजमे त्यांच्या मशीनखालून गेलेत, पण माणसाचा खरा जीव पुस्तकांत. सेलूला अस्तर आणि दोरे आणायला गेले की पिशवीत तळाशी अस्तर आणि वर रद्दीच्या दुकानातून उचललेली पुस्तकं. पाठ निघालेलं, कडा कुरतडलेलं, काहीही चालतं. घरी आणून आधी ऊन दाखवतात, मग सुईदोऱ्यानं पानं टाचतात आणि गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडाचं कव्हर चढवतात. त्यामुळे आमच्याकडे कापसावरच्या किडीच्या पुस्तकाला फुलाफुलांचं झंपर आणि अध्यात्माला शाळेच्या चड्डीचं खाकी, असा सगळा कारभार. निजामाच्या काळातली उर्दू पुस्तकंसुद्धा आहेत. मामांना उर्दूचं एक अक्षर येत नाही. मी एकदा विचारलं, मग आणता कशाला? तर म्हणाले, "मला वाचता येत न्हाई, त्यात पुस्तकाचा काय गुन्हा?"

मधली खोली अशी भरत गेली. माझ्या सासूबाई कुसुमबाई, म्हणजे आत्याबाई, त्या खोलीवर पहिल्यापासून खार खाऊन होत्या. त्यांचंही चुकत नव्हतं. उन्हाळ्यातल्या कुरडया-पापडांचे डबे ठेवायला जागा नाही, पाहुणा आला तर त्याला अंग टाकायला जागा नाही. झाडू माझ्या हातात असल्यामुळे मीसुद्धा आत्याबाईंच्याच पार्टीत होते.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, आजवर पाथरीला बसायच्या, आत्याबाईंच्या थोरल्या जाऊबाई कस्तुराबाईंकडे. दर वर्षी आम्ही तिकडे जायचो, आत्याबाई दोन दिवस चुलीपुढून हलायच्या नाहीत आणि कौतुक मात्र थोरल्या घराचं व्हायचं. यंदा कस्तुराबाईंच्या गुडघ्यांनी जवाब दिला. त्यांनी पितळी मुखवटे लाल फडक्यात बांधून आत्याबाईंच्या ओटीत घातले. आत्याबाई वालूरपर्यंत जीपमध्ये ते पोटाशी धरून बसल्या होत्या. घरात पाऊल टाकलं आणि पहिला हुकूम सोडला.

"महालक्ष्म्या यायच्या आत मधली खोली रिकामी झाली पाहिजे. लय झालं आता. सगळं घरानं जेवायला येनार, मानसं काय रद्दीवर बसवू?"

मला वाटलं मामा रुसतील, निदान जेवायला उशिरा येतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी सेलूच्या नागनाथ रद्दीवाल्याला फोन लावला आणि संध्याकाळी मशीन बंद करून गठ्ठे बांधायला बसले. सुतळी घेतली नाही. कापडाच्या काठाच्या पट्ट्या काढल्या, म्हणजे कडा दुमडणार नाहीत. विकायच्या मालाला इतकं कोण जपतं? मला ते बघवलं नाही, मी उगीच चहा टाकायला गेले. पण नागनाथचा उलटा फोन आला, गाडी बिघडलीय, सण झाल्यावर येतो. मग गठ्ठे तसेच खोलीत राहिले आणि आत्याबाईंनी दार ओढून कडी घातली.

बसवण्याच्या दिवशी पाथरीची मंडळी दुपारीच आली. आमच्याकडे अशी रीत आहे की लक्ष्मी घरात आली की तिला सगळं घर दाखवायचं. घरच्या बायका मुखवटे हातात घेऊन खोलीखोलीतून फिरतात. मागून थोरली बाई विचारते, इथं काय आहे? किती आहे? घरच्या बाईनं जे असेल ते सांगायचं, आणि उदंड आहे म्हणायचं. सांगाल ते घरात कायम भरून राहतं, असं मानतात. म्हणून देवीपुढं खोटं बोलायचं नाही आणि वंगाळ नावही काढायचं नाही.

एक मुखवटा आत्याबाईंच्या हातात, एक माझ्या. मामा पुढे चमच्यानं ताट वाजवत होते. स्वयंपाकघर झालं. "हितं काय हाय?" "अन्न हाय." "किती?" "उदंड." मामांचं मशीन दाखवून झालं, धान्याची कोठी झाली. मधल्या खोलीपुढून आत्याबाईंनी पाय उचलला, तेवढ्यात कस्तुराबाई भिंतीला धरून थांबल्या.

"कुसुम, ही खोली ऱ्हायली की."

"ती बंद हाय, बाई."

"देवीला दार बंद करतेत का कुटं? उघड."

कडी मीच काढली. जमिनीवर गठ्ठे ओळीनं मांडलेले, वर पट्ट्यांच्या गाठी. कस्तुराबाईंनी विचारलं, "हितं काय हाय?"

आत्याबाईंनी मुखवटा पोटाशी धरला. त्यांची पंचाईत मला दिसत होती. इतकी वर्षं ज्याला रद्दी म्हटलं त्याला रद्दी म्हणावं, तर देवीच्या आशीर्वादानं घर रद्दीनं भरायचं. काहीच नाही म्हणावं, तर डोळ्यांदेखत खोटं. मामांचं ताट वाजायचं थांबलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"पुस्तकं हायत," आत्याबाई म्हणाल्या.

"किती?"

"उदंड," त्या म्हणाल्या, आणि भराभरा पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाची पंगत त्याच खोलीत बसली, कारण बाकी घरात आरास होती. गठ्ठे भिंतीला लावले, पाथरीचे पाव्हणे त्यांना पाठ टेकून आरामात पुरणपोळी जेवले. सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, कशाला नावं ठेवायला जागा नव्हती. आत्याबाई वाढता वाढता सारख्या म्हणायच्या, "बेतानं हो, पुस्तकावर तूप सांडंल." मला इतकं हसू येत होतं की पोळ्यांचं ताट घेऊन मी आत पळाले. त्या दिवशी त्या दोघांवर माझा फार जीव जडला, हे मोकळेपणानं सांगते.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे गेले आणि दारात नागनाथचा ॲपे टेम्पो उभा राहिला. आत्याबाई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन बाहेर गेल्या.

"एवढं घरी ने. दुसरं न्यायला काय न्हाई."

"काकू, काकानंच तर बोलावलं होतं."

"बोलावलं असंल. मी देवीपुढं उदंड म्हनलेय. आता त्यातलं एक बी गेलं तर माजी जीभ खोटी पडंल."

नागनाथ डबा घेऊन गेला. आत्याबाई मधल्या खोलीत जाऊन खाली बसल्या आणि पहिला गठ्ठा मांडीवर ओढला. गाठ काही सुटेना. मामा दारात येऊन उभे होते.

"किती आवळलाव हो?"

"वाटंत सुटू न्हाई म्हनून."

आत्याबाई थोडा वेळ गाठीशीच झटत राहिल्या. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "एकदा तरी म्हनायचं व्हतं मला, नगं देऊ म्हनून."

"कसं म्हनू?" मामा म्हणाले. "जल्मभर दुसऱ्याच्या घरी रांधलंस. तुज्या घरी पहिल्यांदाच देवी यायली व्हती."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि गाठ दातांनी सोडली.