माझ्या रक्ताला ठाऊक होतं

त्या दुपारी आम्ही भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. सोलत मीच होतो. जानकी भिंतीला टेकून किडका दाणा दाखवत होती. "म्हाताऱ्या, अळी पण शिजवशील," म्हणाली. दोन घास खाल्ले तिनं. दिवेलागणीला गेली... सव्वा महिना झाला.

माझ्या बायकोला एड्स होता. आता कुणाला भ्यायचं? त्याच्या गोळ्या अजून आमच्या डोंगरात पोचलेल्या नाहीत. रोग सापडला तेव्हा जव्हारला माझंही रक्त तपासलं. मला काही नव्हतं. एका गोधडीत निजणारी माणसं आम्ही, तरी नव्हतं. मग पाड्याला तोंड फुटलं. "पाऊस घरात, नि अंगण कोरडं?" असं बायका पाणवठ्यावर तिला ऐकवायच्या. लोकांचं सोडा, मीच एकदा विचारलं, मी वीटभट्टीवर असताना घरी कोण येत होतं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "तुला काय वाटतं, ते तूच सांग." मी उठून बाहेर गेलो. त्या दिवसापासून तिनं आपली गोधडी चुलीपाशी वेगळी घातली.

मुंबईची एक डॉक्टरीण जव्हारला यायची. घरात रोग आहे पण आपल्याला नाही, अशा माणसांचं रक्त न्यायची. माझं तीनदा नेलं. मग समोर बसवून म्हणाली, बाबा, रोग तुमच्या अंगात नाही, पण तुमच्या रक्तातल्या राखणदार पेशी त्याला ओळखतात. त्या विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पुढं ठेवले तर त्या चवताळून उठतात. म्हणजे बायकोकडून तो तुमच्यापर्यंत आला असावा, पण टिकला नाही. का टिकला नाही, ते तिलाही पुरतं कळलेलं नव्हतं. जानकीचे जुने कागद बघून म्हणाली, पिशवीच्या ऑपरेशनला बाहेरगावी रक्त चढवलं होतं, त्यातूनच तिला आला असणार.

मी म्हटलं, मग माझं रक्त तिला चढवा. ओळखतंय तर मारेल. ती म्हणाली, तसं होत नाही, दुसऱ्याच्या पेशी अंगात टिकत नाहीत. मी भांडलो. "दुसरा कोण? नवरा आहे मी तिचा."

घरी येऊन सगळं सांगितलं, चुकलो म्हटलं. जानकी एवढंच बोलली, "हे तुला डॉक्टरणीनं सांगायला लागलं?" गोधडी चुलीपाशीच राहिली. तिच्या अंगाच्या उबेसाठी मी झुरलो, पण ये म्हणायला तोंड नव्हतं मला...

तिला पोचवलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी रक्त द्यायची माझी तारीख होती. भाऊबंद म्हणाले, सुतक आहे, पाड्याबाहेर पडू नको. मी पडलो. मोखाड्यापर्यंत चालत, पुढं एसटीनं. डॉक्टरणीनं विचारलं, जानकीबाई कशा आहेत? मी गेली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आता दगदग नको बाबा, रोगाशी गाठभेट थांबली की पेशीही हळूहळू त्याला विसरतात.

मी बाही वर सारली. म्हटलं, "आजचं घ्या. आज अजून विसरलं नसेल."