फळीवर न लिहिलेले नाव

ईराप्पाअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली ती सोलापुरात आमच्या जिमखान्याच्या मैदानावर, आणि ती भांडणातच झाली. अण्णा मैंदर्गीचे पैलवान, पोटासाठी गिरणीत आलेले. दंडातली ताकद पाहून कुणीतरी त्यांच्या हाती क्रिकेटचा चेंडू दिला होता. मी संघाचा यष्टिरक्षक. पहिलाच चेंडू टाकण्याआधी अण्णा खाली वाकले, चिमूटभर माती उचलली आणि सरळ चालत जाऊन फलंदाजाच्या हातावर ठेवली. कुस्तीपूर्वी आखाड्यात जोडीदाराला देतात तशी! सरावाचा सामना होता, आणि फलंदाज म्हणजे आमच्याच जिमखान्यातले, एका बड्या वकिलांचे चिरंजीव. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर माती सांडली म्हणून ते भडकले. पंच धावत आले. अण्णा गोंधळून म्हणाले, "अवो, माती दिल्याबगर खेळ सुरू कसा करायचा? आमच्याकडं असंच हाय की." मी मध्ये पडून समजूत घातली, तेव्हा ते हसून म्हणाले, "आगली." कानडीत ‘असू दे’. पुढच्याच चेंडूवर चिरंजीवांचा त्रिफळा उडाला.

ही एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. त्या काळी अण्णांचे वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेले असे. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की लंगोट आणि तांबडी माती. पावसाळ्यात करकंबचे लोक येऊन त्यांना हुतुतूसाठी घेऊन जात. तिथल्या चिखलात अण्णांची पकड सुटलेली मी तरी पाहिली नाही. दिवाळी सरली की काथ्याच्या चटईची खेळपट्टी आणि क्रिकेट. गिरणीच्या पगारात भागत नसे; खेळावर त्यांचे घर चालत होते, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही.

तेच त्यांना भोवले. ढालीच्या सामन्यांत अण्णांनी आम्हाला अंतिम फेरीपर्यंत अक्षरशः ओढत नेले. सामन्याच्या सकाळी आमच्या सचिवांनी जाहीर केले, "ईराप्पा खेळणार नाही. त्याने जत्रेत कुस्ती मारून चांदीचे कडे घेतले आहे. तो धंदेवाईक आहे. आपला खेळ हौशी लोकांचा."

हे लिहिताना आजही माझे डोके तापते. ज्या वकीलपुत्राने उन्हाळ्यात टेनिसचा चांदीचा पेला मिळवला होता, तो अष्टपैलू. त्याचा पेला जिमखान्याच्या काचेच्या कपाटात. अण्णांचे कडे मात्र मजुरी! तीच चांदी, तोच घाम. फरक एवढाच की एकाचे घर वडिलांच्या वकिलीवर चालत होते आणि दुसऱ्याचे स्वतःच्या खांद्यावर. आणि हे कडे काही त्या सकाळी उगवले नव्हते. आधीचे सामने जिंकून देताना ते अण्णांच्या मनगटावरच होते. तेव्हा कुणाला दिसले नाही.

सचिवांनी वर उदारपणा दाखवला. कडे परत कर, पुन्हा कुस्ती खेळणार नाही असे लिहून दे, मग बघू, म्हणाले. अण्णा शांतपणे म्हणाले, "सायेब, माती सोडतो म्हनून लिवून देतो की. पन मग घरात ताटात काय वाढू? तुमचा टाय वाढू व्हय?" आम्ही काहीजण त्यांच्या बाजूने तावातावाने बोललो. आमचे कुणी ऐकले नाही.

दुसरा कुणी तिथून निघून गेला असता. अण्णा थांबले. त्यांच्या जागी घेतलेल्या तरुण गोलंदाजाचा खांदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत आखडला. अण्णांनी त्याला लिंबाखाली पालथा झोपवला आणि तेल लावून खांदा मोकळा केला. "घाबरू नगं. हात सैल सोड, लई जोर करू नगं," असे समजावत राहिले. त्याच मुलाने संध्याकाळी सामना जिंकून दिला. ढालीसोबतच्या फोटोत अण्णा नाहीत. सभागृहातल्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत अकरा नावे आहेत. एकच सामना खेळलेल्या त्या मुलाचेही आहे, आणि ते असायलाच हवे. अण्णांचे नाही.

आज अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त तोच जिमखाना त्यांचा सत्कार करतो आहे. ‘अनेक खेळांचे आद्य उपासक’ असे पत्रिकेत छापले आहे. या गौरवांकाच्या संपादक मंडळाने मला ‘जुने वाद नकोत’ असे आडून सुचवले. नकोत कसे? गेल्या महिन्यात अण्णा आपल्या नातीला ती फळी दाखवायला घेऊन गेले होते. ती नुकतीच वाचायला शिकली आहे. तिने सगळी नावे वाचली आणि विचारले, "आज्जा, तुमी कुटं हाय हितं?" हे सांगताना अण्णा माझ्याकडे पाहत नव्हते. शेवटी म्हणाले, "आगली."

नाही अण्णा, आता ‘आगली’ म्हणायचे नाही. आयुष्यभर तुम्ही म्हणालात, तेवढे पुरे. जिमखान्याला माझे सांगणे आहे: शाल आणि श्रीफळ थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी रंगारी बोलवा.

अण्णांना शंभरी लाभो, त्यांचे गुडघे आणि नजर शेवटपर्यंत शाबूत राहोत. ती नजर मला हवी आहे. नातीने बोट ठेवून ते बारावे नाव मोठ्याने वाचले, की ते अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे.