ड्रॅगनचा पंख
चपलेचा पट्टा चिकटवताना परवा सुपरग्लूचा झोंबणारा वास आला आणि सियागंज बाजाराजवळच्या आमच्या घरातली एक सकाळ आठवली. दादाने कित्येक रविवार खपून रंगवलेला वीतभर उंचीचा प्लास्टिकचा ड्रॅगन दुपारी मॉडेल रंगवण्याच्या स्पर्धेत मांडायचा होता. डब्यात ठेवताना त्याचा पंख निखळला. दादाने ग्लू लावून तो दाबून धरला आणि त्याचा उजवा अंगठाच पंखाला चिकटला. वहिनी नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन धावली. "अरे, वो मत लगा! रंग तर जाईलच, प्लास्टिकही विरघळेल," दादा ओरडला. ओढले असते तर पंख पुन्हा तुटला असता. त्याने डाव्या हाताने कटर माझ्यापुढे सरकवला. "कातडी काप. पंखाला धक्का नको." "दादा, पागल झालास का?" "बोलू नकोस, हात हलेल." मी पाते अंगठा आणि पंख यांच्या मधे सरकवले. वहिनीने खिडकीकडे तोंड फिरवले. अर्ध्यावर मी थांबलो. "चलने दे," तो दात आवळून म्हणाला. अखेर अंगठा सुटला. रक्त टेबलावर ठिबकले आणि कातडीचा पातळ पापुद्रा पंखावरच राहिला. सोलून काढायला वेळ नव्हता. दादाने त्यावरूनच तपकिरी रंग फिरवला. स्पर्धेत परीक्षक नेमके त्या पंखापाशी वाकले. "ये टेक्सचर कैसे बनाया, भिया?" दादाने अंगठा मुठीत घेतला. "बस, बन गया." तो ड्रॅगन आता माझ्या कपाटात आहे. धूळ पुसताना मी तेवढा पंख सोडून देतो.