तोंडानं लिहिणारी पोरगी

आमच्या घरात तीन मुलं आहेत आणि तिघंही शाळेत जात नाहीत. मी मात्र दिवसभर शाळेचेच कपडे शिवते. सोलापुरात गणवेशाचं काम भरपूर. भवानी पेठेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत जानेवारीपासून निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे येऊन पडतात, ते जून उजाडेपर्यंत काही हलत नाहीत. पेठेतल्या बायकांना याची फार गंमत वाटते. "जगाच्या पोरांना साळंला धाडतीस आणि सोताची घरात ठेवतीस व्हय गं?" असं दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच. मी म्हणते, पोराला सरळ उभं करा, छातीचं माप घ्यायचंय.

ठरवून आम्ही काहीच केलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोठी मुलगी पाचवीत होती, मधला मुलगा पहिलीत आणि धाकटी अजून बोबडं बोलत होती. मधल्याचं रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. डॉक्टर झाले, ओवा झाला, दृष्ट काढून झाली, पण त्याचं पोट घड्याळ बघून दुखायचं. शाळा बंद झाली आणि त्याचं पोट गप्प झालं. पुढं शाळा उघडायची होती त्याच्या आदल्या संध्याकाळी तो पुन्हा पोट धरून भिंतीशी बसला. माझा नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत कारखान्यात आहे. तो कामावरून आला, त्यानं पोराकडं बघितलं आणि म्हणाला, "असू दे की घरीच. शिकतोय की हितं." मला आधी राग आला, कारण शिकवणार कोण होतं ते मला दिसतच होतं. मग मोठी म्हणाली, तो नाही जाणार तर मी पण नाही. झालं, त्या दिवसापासून आमच्या घराची शाळा झाली.

माझी शिकवायची पद्धत मशीननं ठरवली. माझे हात कापडावर, डोळे शिलाईवर, पाय पायडलवर. मोकळे काय तर कान. म्हणून घरात नियमच झाला: जे काय शिकाल ते मोठ्यानं बोला. धडा मोठ्यानं वाचायचा, उत्तर मोठ्यानं सांगायचं, गणितसुद्धा "सातातून नऊ जात नाहीत, शेजारचा दहा घेतला" असं बोलत बोलत सोडवायचं. लिहायचं असलं तरी बोलत लिहायचं, म्हणजे चूक मला मान न वळवता कळायची. मशीन चाललं की तिघं आवाज चढवायची, मी दोरा ओवायला थांबले की आपोआप उतरवायची. धाकटीचे पाढे, मधल्याचा भूगोल आणि मोठीचा इतिहास एकाच वेळी कानावर पडायचा, आणि कोण कुठं चुकलं ते मला बरोबर कळायचं. कॉलर शिवून घ्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात बाजार भरतोय काय?" मी म्हटलं, रोजच भरतो.

काळजी नव्हती असं नाही. मधला नऊ वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हतं. त्याच्या वयाची पोरं पेपरातल्या बातम्या वाचायची आणि हा ऐकून ऐकून सगळं पाठ करायचा. मी आतून खचले होते आणि बाहेरून सगळ्यांवर खेकसत होते. एका दुपारी मी एक गठ्ठा सोडायला घेतला, तर तो मागून शांतपणे म्हणाला, "मम्मी, बाही आखूड करायचीय." गठ्ठ्याला लावलेली चिठ्ठी त्यानं वाचली होती. मी दुसरी चिठ्ठी दाखवली, तिसरी दाखवली, त्यानं सगळ्या वाचल्या. मी मशीनवर डोकं टेकवून रडले. त्या गठ्ठ्याच्या बाह्या मी आखूड केल्या की नाही, ते देवाला ठाऊक.

आमच्या या कारभाराला खरा विरोध होता तो माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणते. त्या करकंबला शेतावर असतात, आणि दर रविवारी फोनवर एकच विषय काढतात. "पोरगी दहावीला आली की. कागुद लागतंय माणसाला. लगीन जमवायला गेलं तर लोक काय इचारत्याल?" मोठीला आम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवली, तेव्हा आत्यांनी अट घातली, "ही जर पास न्हाय झाली, तर बारकी दोघं हिकडं आणून सोड. हितल्या साळंत घालते मी त्यास्नी." मी त्या दिवशी आधीच वैतागलेली होते. म्हटलं, "घाला." फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "माझ्या आईला शब्द दिलास तू. ती विसरायची नाही." मधला दाराआड उभा राहून ऐकत होता, आणि त्याचा हात पोटावर गेला होता.

तरी मला धास्ती नव्हती. पोरीचा अभ्यास पक्का होता. घाबरायची वेळ आली ती परीक्षा तोंडावर आल्यावर. आमच्या गल्लीत एक निवृत्त सर राहतात, घरात तेलुगू आणि बाहेर अगदी पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांच्याकडं शाळेत जाणारी दोन मुलं सराव पेपर सोडवायला यायची. मी मोठीला पण पाठवलं. तासाभरानं सर स्वतःच तिला घेऊन आमच्या दारात आले. मला वाटलं हिला चक्कर आली.

"मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "पण ती पेपर लिहीत नाही. ती पेपर ऐकवते."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, ही प्रत्येक उत्तर बोलत बोलत लिहीत होती. शेजारच्या दोघांपैकी एकानं तक्रार केली. दुसऱ्यानं तक्रार वगैरे काही केली नाही, तो मन लावून सगळं उतरवून घेत होता. मला हसू फुटलं, पण सर हसले नाहीत. म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेत याला कॉपी म्हणतात. हिचा पेपर काढून घेतील, शेजारच्याचाही जाईल. वर्ष वाया जाईल."

मोठी मान खाली घालून उभी होती. म्हणाली, "मम्मी, मला माहीतच नव्हतं की मी बोलत होते."

तिला माहीत असणार तरी कसं? पाच वर्षं आमच्या घरात कुणी गप्प बसून काही लिहिलंच नव्हतं. शाळेतल्या पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतात, तोंडावर बोट. आमच्याकडं उलटं होतं, आवाज थांबला की मी मशीनवरून ओरडायची, काय गं, झोपलीस काय?

मग आमचे उपाय सुरू झाले. तोंडात लवंग ठेवायला दिली, ती तिनं इतिहासाच्या पहिल्याच उत्तराला चावली आणि जीभ बाहेर काढून हाय हाय करत बसली. तोंडात पाणी धरायला सांगितलं, तर धाकटीनं तिच्यासमोर बसून तोंडं वेडीवाकडी केली आणि ते सगळं पाणी माझ्या पांढऱ्या शर्टांच्या थप्पीवर. तोंडाला रुमाल बांधला, तर रुमालाआडून कुजबुज. दात आवळून बसवली, तर ती गप्प झाली खरी, पण तिचा पेनही गप्प झाला. "तोंड बंद केलं की डोक्यात काहीच येत नाही, मम्मी." येत नव्हतंच. कोऱ्या कागदाकडं बघून तिचे डोळे भरायचे, आणि तोंडानं विचारलं की तेच उत्तर धडाधड बाहेर यायचं.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "एवढं साधं जमत नाही तुला? गप्प बसून लिहायचं, बास." नवरा चहा पीत बसला होता. म्हणाला, "तू तरी मशीनवर गप्प बसतीस का? कटिंग करताना सारखं चालूच असतंय की तुझं, इकडून आत, तिकडून बाहेर." मी त्याला दोन शब्द सुनावले आणि मशीनवर बसले. थोड्या वेळानं ऐकलं, तर मी खरंच बोलत होते. पोरीला काय बोलायचं मग?

परीक्षेपर्यंत ती जराशी सुधारली. ओरडायची ती पुटपुटायला लागली, इतकंच. पुटपुटणं शांत वर्गात किती लांब जातं ते मला माहीत होतं. मी ठरवलं, पहिल्या दिवशी आपणच सोबत जायचं, सुपरवायझर मॅडमना हात जोडून सांगायचं. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं. मॅडम, ही घरी शिकलीय, हिला सवय आहे, वाईट मनात आणू नका.

सकाळी परीक्षेच्या शाळेसमोर पोरांची ही गर्दी. सगळी गणवेशात, आणि त्यातले निम्मे शर्ट माझ्या ओळखीचे. माझी पोरगी तेवढी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. गेटवर पोलीस उभा होता. "पालक इथंच थांबा." मी म्हटलं, एकच मिनिट, एवढं बोलायचंय. तो म्हणाला, सगळ्यांना एकच मिनिट हवंय ताई. पोरगी आत गेली. वळून हात हलवला तेव्हाही तिचे ओठ हलत होते. माझी घोकंपट्टी माझ्यापाशीच राहिली.

बाकीचे पालक सावलीला गेले. मी गेटच्या गजांना धरून उभी राहिले, कारण तिथून तळमजल्याचा व्हरांडा दिसत होता. घंटा झाली. आणि थोड्याच वेळात समोरच्या वर्गातून एक मॅडम बाहेर आल्या, त्यांच्यामागं माझी पोरगी. मॅडम काही बोलत होत्या. पोरगी मान हलवत होती. मग अजून एक सर आले, बहुतेक केंद्राचे मुख्य असावेत, तेही बोलायला लागले. पेपर सुरू व्हायच्या आधीच धरली, असं मनाशी म्हटलं. मला करकंबचं घर दिसायला लागलं, मधला आणि धाकटी नवी दप्तरं घेऊन अंगणात उभी, आणि मधल्याचा हात पोटावर.

तेवढ्यात एका शिपायानं वर्गातून बाक उचलून बाहेर आणला. दाराशेजारी, वर्गापासून चार हात लांब ठेवला. पोरगी त्यावर बसली, पेपर पुढ्यात घेतला आणि लिहायला लागली. मॅडम दारात अशा उभ्या राहिल्या की त्यांना आतले पण दिसावेत आणि ही पण दिसावी. लांबूनसुद्धा मला दिसत होतं, तिचं तोंड चालू होतं. कुणी तिला थांबवत नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, मी अर्धी संपवली, तिला थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही.

सगळे पेपर तिनं त्याच बाकावर दिले. निकाल चांगला लागला, आत्यांनी करकंबात पेढे वाटले आणि अटीचा विषय परत काढला नाही. धाकटी दोघं घरीच आहेत, आवाज चढवून शिकतायत. पण निकालाच्या दिवशी मला विशेष काही वाटलं नाही. माझा जीव भांड्यात पडला तो त्या पहिल्या दुपारी, ती गेटातून बाहेर आली तेव्हा.

"मॅडमना कुणी सांगितलं?" मी आधी तेच विचारलं. "सरांनी फोन केला होता काय?"

"नाही. मीच सांगितलं."

"तू?"

"पेपर वाटायच्या आधी उभी राहिले आणि म्हटलं, मॅडम, मला बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल. मला लांब बसवता का?" ती पाण्याची बाटली शोधत होती, सांगण्यासारखं काही केलंय असं तिच्या तोंडावर नव्हतं. "मॅडमना आधी कळलंच नाही. मग मी थोडं बोलून दाखवलं."

"सगळ्या वर्गासमोर?"

"हो."

"भीती नाही वाटली तुला?"

"कुणाची?"

ती खरंच विचारत होती. बाटली तोंडाशी धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी चौथीत असताना मला फळ्यावरचं दिसायचं बंद झालं होतं. वर्षभर मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवून घेतलं, मार खाल्ला, पण मला दिसत नाही असं बाईंना सांगायची माझी छाती झाली नाही.

"कुणाची नाही," मी म्हटलं.