साहेब काय म्हणाले होते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे—बायकोला यातलं अर्धं सांगितलंय, आणि ते अर्धं खोटं आहे. आमचे मोठे चुलते हजहून आल्यावर म्हणायचे, मनात काही अडकलं असेल तर माणसानं बोलून मोकळं व्हावं. मी मान हलवायचो आणि पाण्याची, पंख्याची, कशाची तरी गोष्ट काढायचो. आज लिहायला बसलोय, तर सकाळपासून दोनदा उठलो. एकदा मोटार बंद करायला, एकदा उगाचच. तुम्ही समोर असता तर चहाचं विचारून आणखी वेळ काढला असता.

मी सलीम. महागावच्या बाहेर, नांदेडच्या रस्त्याला एक जिनिंग होती, तिथं फिटर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. रुई एकीकडं पडते, सरकी एकीकडं, आणि उरलेली सगळी हवेत उडत राहते—नाकात, भुवयांत, डब्यातल्या भाजीत. मशीनं चालू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही कानाला तोंड लावून बोलायचो, नाहीतर हातानं. हे लक्षात ठेवा. नाही, तसं नको—मी आत्तापासूनच आवाजावर ढकलायला लागलो.

कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव बसला होता, शेजारच्या जिनिंगला कुलूप लागलं होतं आणि तिथला फिटर, माझ्याहून हुशार माणूस, बसस्टँडवर पंक्चर काढत होता. मी हंगामी होतो. दिवाळीला शेटजी म्हणाले होते, “हा सीझन नीट काढ, मंग तुहं कायमचं पाहू.” एवढंच. मी त्या एका वाक्यावर झोपायचो आणि त्याच वाक्यानं दचकून उठायचो.

मशीनला कापूस घालायला बायका होत्या. बहुतेक जवळच्या तांड्यावरच्या, बंजारा. सकाळची अर्धी पाळी करायच्या आणि दुपारी कुणाच्या तरी वावरात कामाला जायच्या. अर्ध्या पाळीच्या आणि वर हंगामी—म्हणजे त्यांना कागद नाही, सुट्टी नाही, आठवड्याचा खाडा नाही. आली तर आली. नाही आली तर फाटकाबाहेर दुसरी उभी. हे असंच असतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मीसुद्धा? हो—त्या दिवसापर्यंत मीसुद्धा.

माझे अब्बा विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्या सायकलवर बसून मी सगळे तांडे फिरलो, तिथंच जेवलो, तिथली बोली तिथंच शिकलो. म्हणून त्या बायका मला मिस्त्री म्हणत नव्हत्या, भिया म्हणायच्या. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. त्यांच्यात धुरपती होती. माझ्याहून मोठी, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या लेकीला त्या वर्षी मुलगा झाला होता. तांड्यावर होळीला नव्या मुलाची धुंड करतात. सगळा तांडा जमतो, लेंगी म्हणजे होळीची गाणी म्हणतात, मुलाच्या डोक्यावर काठ्या धरून आशीर्वाद देतात. आजी तिथं नसली तर कसं चालेल? ती महिनाभर आधीपासून मला म्हणत होती, “भिया, शेटजीले माह्यासाठी एक शब्द टाक. दोनच दिवस पाह्यजेत.” मी म्हणायचो, टाकतो. टाकला नाही. पण कबुली द्यायची आहे ती याची नाही.

होळीच्या थोडं आधी यवतमाळहून कामगार कार्यालयाचे साहेब आले.

इथून पुढं बायकोला मी असं सांगितलंय की शेटजींनी मला बाजूला घेतलं, दम दिला, नोकरीची भीती घातली आणि माझा नाइलाज झाला. तिला ते पटलं. शेटजी तसे होतेही. पण त्या दिवशी शेटजी गावातच नव्हते. मुनीम दवाखान्यात गेला होता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणीच नाही.

साहेब साधे होते. हातात पिशवी, पायात चपला. हॉलच्या दारापर्यंत आले आणि रुईनं त्यांना खोकला लागला. रुमाल तोंडावर धरून दारातच थांबले. मशीनं चालू होती. मेन स्विच माझ्या हाताशी होता. एक खटका खाली ओढला असता तर सगळा हॉल शांत झाला असता आणि साहेब आणि त्या बायका समोरासमोर बोलल्या असत्या. मी म्हणालो, साहेब, बंद केलं की पुन्हा चालू करायला फार वेळ जातो. तेही खोटंच. ते बिचारे म्हणाले, राहू द्या, तुम्हीच विचारून या. तुम्हाला त्यांची बोली येत असेल ना? विचारा, सुट्टी मिळते का.

मी आत गेलो. धुरपतीच्या कानाशी वाकलो. ती म्हणाली, “कायची सुट्टी, भिया? एक रोज नाही आलं त दुसरी उभी असते. साहेबाले सांग ना, होळीले माह्या नातवाची धुंड हाय. मले काढू नका म्हणा.”

दाराकडं परत येताना मी काय विचार करत होतो? किती वेळा स्वतःला विचारलंय. मला तो पंक्चरवाला फिटर दिसत होता का? शेटजी दिसत होते? का काहीच नाही? मी दारात आलो, साहेबांनी रुमाल खाली केला, आणि माझ्या तोंडून निघालं, “मिळते म्हणतात, साहेब. सांगून गेलं की चालते.”

ते माझ्याकडं बघत राहिले. “नक्की?”

“हो.”

मग ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द येतं. म्हणाले, “तरीही त्यांना नीट सांगून या. अर्ध्या पाळीच्या असल्या, हंगामी असल्या, तरी त्या कामगारच आहेत. आठवड्याची सुट्टी त्यांची आहे. सणाची सुट्टी त्यांची आहे, आणि तिचा पगार कापता येत नाही. ती कुणाची मेहेरबानी नाही. सुट्टी घेतली म्हणून कुणी काढलं, तर सरळ माझ्याकडे यायचं. एवढं सांगा.”

एवढं सांगायचं होतं. मी पुन्हा आत गेलो. बायका हात न थांबवता माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी त्यांच्या बोलीत सांगितलं—साहेब म्हणतात, पदर नीट खोचत जा आणि विडी-काडी आत आणू नका. त्या हसल्या. विडी ओढणारी त्यांच्यात एकही नव्हती. धुरपती हसली नाही. तिनं कान पुढं केला. “आन् होळीचं?”

इथं तरी थांबता आलं असतं. विचारतो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, अर्ध्या पाळीवाल्यांना सुट्टी नसते, असं साहेबच म्हणतात.

तिनं दाराकडं पाहिलं. आपल्याकडं कुणीतरी बघतंय म्हणून साहेबांनी हात जोडले—चांगल्या मनानं, हसून. तिनंही कापूस खाली ठेवून हात जोडले. ते गेले. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, आणि तिथं काय झालं हे त्या सगळ्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं.

संध्याकाळी शेटजी आले. मी जाऊन सांगितलं, साहेब येऊन गेले, मी निभावलं. काय वाटलं होतं मला—पाठीवर हात ठेवतील? ते फोनवर भाव विचारत होते. “हो का,” म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले. पुढं मी कायम झालो, पण ते आमच्या जिनिंगमधल्या कायमच्या, म्हाताऱ्या फिटरची नजर गेली म्हणून झालो. त्या दिवसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे त्या खोट्यानं मला काही मिळवूनसुद्धा दिलं नाही. मिळालं असतं तर बरं वाटलं असतं का? माहीत नाही.

होळीला धुरपती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या जागेवर एक तरणी पोरगी कापूस घालत होती. फाटकावरच्यानं तिला हटकलं असेल, पण ती सरळ आत आली, माझ्याजवळ. अंगावर गुलाल तसाच होता, केसांत, कानामागं. मी रोलर बसवलेलं मशीन नुकतंच सुरू केलं होतं. ती वाकून म्हणाली, “भिया, माही जागा गेली. त्या साहेबाले एक डाव भेटून सांग ना. भला माणूस दिसत होता तो.”

मी कानाला हात लावला. मशीनकडं बोट दाखवलं. मान हलवली—ऐकू येत नाही.

ती पुन्हा बोलली, अजून जवळ येऊन. मी पुन्हा मान हलवली. मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता. आयुष्य त्या आवाजात काढलेला माणूस मी, मला त्यात कुजबुजसुद्धा कळायची. ती थोडी थांबली. मी पान्यानं आवळलेलाच नट पुन्हा आवळत राहिलो. वर पाहिलं तेव्हा ती गेली होती.

त्याच महिन्यात तिच्या घराला कुलूप लागलं. नवरा, लेक, जावई, तो छोटा मुलगा—सगळे तेलंगणात वीटभट्टीवर गेले. तांड्यावरून कामाला येणाऱ्या बायका सांगायच्या, मी ऐकायचो. नंतर मीच विचारणं बंद केलं, आणि त्यांनीही.

कायम झाल्यावर मला ईदची पगारी सुट्टी मिळू लागली. घरी शिरखुर्मा, पोरांचे नवे कपडे, आल्यागेल्यांची गळाभेट. आणि मी? दुपारपर्यंत मला घरात बसवायचं नाही. सायकल काढून जिनिंगच्या फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. बायको म्हणायची, तुम्हाला कामाचं वेडच लागलंय.

धुरपती मला परत भेटली. अलीकडेच, उमरखेडच्या बसमध्ये. माझी लेक तिकडं दिली आहे, मी आठवड्यातून एकदा जातो. मी दांडी धरून उभा होतो आणि मागून कुणीतरी हाक मारली, “सलीम भिया!” तिनं सरकून मला जागा केली. पार वाळली होती, पण डोळ्यांत बघायची सवय तीच. मी बसलो. न बसून काय केलं असतं?

ती बोलत राहिली. “दोन सीझनसाठी म्हणून गेलतो, भिया, लय वर्ष राह्यलो. माहा बुढा तिकडंच वारला. लेकीच्या कमरेनं काम सोडलं. नातू शाळेत नाही गेला, पण ट्रॅक्टर चालवून राह्यला आता.” तक्रार नव्हती. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. मग पलीकडच्या बाईकडं वळून म्हणाली, “हा माहा भाऊ हाय. जिनिंगवर साहेब आलता ना, तवा यानं आमच्यासाठी जीव तोडून सांगतलं. तो साहेबच आयकला नाही. हात जोडून हसला आन् चालला गेला.”

ती बाई माझ्याकडं आदरानं बघू लागली.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “जाऊ दे आता, धुरपतीबाई.”

हे मी म्हणालो. साहेबांना माफ करून टाक, असं तिला सांगावं तसं. आवाजही बरोबर लागला—जुन्या दुःखावर हात फिरवणाऱ्या मोठ्या भावाचा. ती म्हणाली, “हो, जाऊ दे.” माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, पुढच्या फाट्यावर उतरली, आणि खिडकीखालून ओरडून सांगितलं, एक रोज जेवायला ये. लहानपणी तांड्यावरचे लोक म्हणायचे तसं, हक्कानं.

तिच्या तांड्याचा फाटा माझ्या लेकीच्या गावाच्या वाटेवर आहे. बस तिथं थांबते. कुणी चढतं, कुणी उतरतं, कंडक्टर घंटी देतो. मी दर आठवड्याला त्या बसमध्ये असतो आणि मी तिथं उतरलेलो नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.