बाच्या होडीचा तळ

मला अजून राग आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच. होडी देऊन टाक म्हणून बाच्या मागे लागले होते ती मीच.

पूल व्हायच्या आधी आमचा बा नदीवर तर चालवायचा, म्हणजे होडीनं माणसं-सामान पलीकडे न्यायचा. भाताच्या गोण्या, नवऱ्या मुली, अडलेल्या बायका, सगळ्यांना त्यानंच पलीकडे पोचवलं. पूल झाला आणि ही तर बंद पडली, पण होडी त्यानं मोडीत काढली नाही. दर वर्षी पावसाआधी अंगणात दोन दगडांवर ठेवून ती काठोकाठ पाण्यानं भरायचा. फळ्या फुगतात, सांधे मिटतात. मग खाली हात घालून तळ चाचपायचा. हात कोरडा आला, की होडी पुराला तयार. एका वर्षी पाणी घरात शिरलं तेव्हा भिसेगावातली आमची अख्खी आळी तिनंच बाहेर काढली.

लोधिवलीच्या पुढे नदीवाहतुकीचं संग्रहालय निघालं, तेव्हा तिथले साहेब घरी आले. बानं एकच अट घातली, होडी पाण्यात सोडण्यासारखी राहिली पाहिजे. हो हो काका, म्हणाले. बाला आता दिसत नाही, म्हणून कागदावर त्याचा अंगठा मीच धरून उठवला.

परवा मी बाला तिथं घेऊन गेले. काय तो थाट! एसी, दिवे, भिंतीवर रंगवलेली नदी. पॉलिशचा वास येताच बाचं तोंड कडू झालं. त्यानं पिशवीतली बाटली काढून होडीत पाणी ओतलं आणि सवयीनं तळाला हात लावला. हात चिंब. लोखंडी स्टँडवर बसवायला या शहाण्यांनी तळाला आरपार भोकं पाडून बोल्ट ठोकले होते.

फरशी ओली झाली म्हणून साहेब धावत आले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझी जीभ तशी तिखटच आहे, आणि त्या दिवशी ती आवरावीशी वाटली नाही. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही आता कुठं पाण्यात जाणार आहे?" अट दाखवा म्हटलं, तर त्यांनी कागदच पुढे केला. त्यात अटीचं नावही नव्हतं.

बा एका बोल्टवर बोट ठेवून उभा होता.

"कागदात लिवलं हाय ना गं? तूच तर वाचलंस."

मी तेव्हा वाचलंच नव्हतं. साहेबांना घाई होती, आणि बानं विचारल्यावर मी नुसतं हो म्हटलं होतं.